शेतीकामाच्या विमानांचे उड्डाण व अपघात

पिकांवर औषध फवारणे, भुकटी धुरळणे, कुरणांत खत पसरणे व टोळांचा नाश करणे ही कामे विमानाच्या साहाय्याने करण्याच्या पद्धतीस आता शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय गावाजवळ, जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कटाल्पा झाडांच्या राईवर विमानातून लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. झाडांची पाने फस्त करणाऱ्या अळ्यांचा त्यामुळे नाश झाला आणि या कामाचा पाया घातला गेला. पुढे १९४९ साली न्यूझीलंडमध्ये डोंगराळ कुरणांवर विमानातून सुपर फॉस्फेट पसरण्याचा धंदा सुरू झाला. आपल्या देशातही हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कारखान्याने ‘बसंत’ नावाचे ४०० अश्वशक्तीचे खास शेतीकामाचे विमान तयार केले. अशी ३९ विमाने बांधण्यात आली व १९८० साली त्यांचे उत्पादन थांबले.

या कामात होणाऱ्या अपघातांचे अनेक प्रकार आहेत. तारांना धडक बसणे व वळण घेताना विमान कोसळणे हे त्यांपैकी दोन होत. प्रस्तुत लेखात फक्त उड्डाणाच्या वेळी होणाऱ्या अपघातांचा विचार केला आहे. याचे कारण असे की, या अपघाताची तयारी बहुधा विमान हलण्यापूर्वीच झालेली असते. धावपट्टीची निवड, खताची साठवण, टाकीत भरलेला माल व पट्टीवरील माणसे आणि जनावरे या सर्व गोष्टी जमिनीवरील लोकांच्या हाती असतात. म्हणून हा विषय केवळ वैमानिकाचा नाही. शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

शेतीकामाच्या विमानाचे वेगळेपण

प्रवासी विमान लांब, पक्क्या व सपाट धावपट्टीवरून उडते. शेतीकामाचे विमान शेताजवळच्या मोकळ्या जागेवरून, गवताळ माळावरून किंवा टेकडीच्या सोंडेवरून उडते. एका दिवसात ते कित्येक डझन वेळा उतरते, टाकी भरून घेते व पुन्हा उडते. फवारणी किंवा खत पसरणे सुरू झाले की त्याचा भार कमी कमी होत जातो. म्हणजे प्रत्येक फेरीत विमान सर्वांत जड असते ते नेमके उड्डाणाच्या क्षणी. त्या क्षणी वेग सर्वांत कमी असतो आणि जमीनही सर्वांत जवळ असते. चूक सुधारण्यास लागणारी उंची व वेळ या दोहोंचीही तेथे टंचाई असते.

विमान कसे उचलले जाते, हे थोडक्यात पाहू. विमान पुढे धावू लागले म्हणजे पंखांवरून हवा वाहते व त्यामुळे विमानास वर उचलणारे बल निर्माण होते. वेग जितका अधिक व हवा जितकी दाट, तितके हे बल अधिक. हे बल विमानाच्या वजनाहून थोडे जास्त झाले की चाके जमीन सोडतात. तोपर्यंत जितके अंतर धावावे लागते तितकी पट्टी हवीच. त्याखेरीज पट्टीच्या टोकापलीकडील झाड, कुंपण किंवा तार यांवरून सुखरूप जाण्यासाठी आणखी अंतर लागते. लहान विमानांच्या बाबतीत सुमारे १५ मीटर उंचीचा अडथळा पार करण्याचे अंतर धरून हिशेब करण्याची पद्धत आहे.

अंतर कशामुळे वाढते ?

ब्रिटनच्या नागरी विमान खात्याने लहान विमानांसाठी काही ढोबळ प्रमाणे दिली आहेत. ती ध्यानात ठेवण्यास सोपी आहेत.

विमानाचे वजन १० टक्क्यांनी वाढले तर उड्डाणास लागणारे अंतर २० टक्क्यांनी वाढते. पट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची दर ३०० मीटरनी वाढली की अंतर १० टक्के वाढते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तरी अंतर १० टक्के वाढते. सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत उंचीचे कोरडे गवत असेल तर २० टक्के, व ओले असेल तर ३० टक्के वाढ धरावी. जमीन मऊ असेल तर २५ टक्के किंवा त्याहूनही जास्त धरावी. पट्टीला २ टक्के चढ असेल तर १० टक्के वाढ होते. विमानाच्या उड्डाणवेगाच्या एक दशांश इतका वारा पाठीमागून येत असेल तर अंतर २० टक्क्यांनी वाढते.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, ही वाढ एकमेकींत नुसती मिळवावयाची नसून गुणावयाची आहे. उदाहरणार्थ, समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात, पक्क्या पट्टीवरून, वारा नसताना अडथळा पार करण्यास ४०० मीटर लागणारे एक विमान घेऊ. ते आपल्या पठारावरील ६०० मीटर उंचीच्या माळावर आणले तर ४०० चे ४८० मीटर होतात. त्या उंचीवरील प्रमाण तापमान सुमारे ११ अंश असते. दुपारी ४० अंश ऊन असेल तर आणखी सुमारे ३० टक्के वाढ होऊन ६२४ मीटर होतात. कोरडे गवत असल्यास ७४९ मीटर. त्यातच पाठीमागून हलकासा वारा असला तर ८९९ मीटर. विमान तेच, वैमानिक तोच आणि भारही तोच. परंतु अंतर मात्र दुपटीहून अधिक झाले. शिवाय सुरक्षिततेसाठी यावर एक तृतीयांश अंतर अधिक ठेवावे, असे तेच खाते सांगते. म्हणजे सुमारे १,२०० मीटर पट्टी हवी.

उष्ण हवेचा हा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो घातक ठरतो. हवा तापली की प्रसरण पावते व विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, एंजिनाची शक्ती घटते व पंख्याचा जोरही कमी पडतो. ६०० मीटर उंचीवर ४० अंश तापमान असता विमान जणू सुमारे १,६५० मीटर उंचीच्या डोंगरावरून उडत असल्याप्रमाणे वागते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे. तेव्हा वैशाखातील दुपारी पठारावरून उडणारे विमान हे कळसूबाईच्या माथ्यावरून उडणाऱ्या विमानासारखेच होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

सकाळचा भार दुपारी चालत नाही

अपघाताचा नेहमीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. सकाळी सात वाजता हवा थंड असते. ठराविक भार घेऊन विमान पहिल्या फेरीस सहज उडते. वीस फेऱ्या सुरळीत पार पडतात. त्यामुळे ‘या पट्टीवरून एवढा माल उचलला जातो’ असा सर्वांचाच समज होतो. दरम्यान ऊन चढते. तापमान १५ अंशांनी वाढले तर लागणारे अंतर सुमारे १५ टक्के वाढते. सकाळी पट्टीच्या टोकाकडे जी जागा शिल्लक राहात होती ती हळूहळू संपते. त्यातच विमानात इंधन भरले जाते. इंधन भरल्यावर तितक्याच वजनाचा माल कमी केला पाहिजे. पण घाईत तो कमी केला जात नाही. एवढ्यात वाऱ्याची दिशा फिरते. मग जी एकविसावी किंवा बाविसावी फेरी पहिल्या वीस फेऱ्यांसारखीच वाटत होती, तीच घातक ठरते.

माल भरणाऱ्याच्या हाताचाही यात मोठा वाटा असतो. समजा, भरल्यावर विमानाचे एकूण वजन दोन हजार किलोग्रॅम होते. खताची पन्नास किलोची चार पोती जादा पडली तर वजन १० टक्क्यांनी व अंतर २० टक्क्यांनी वाढते. मालवाहू यंत्राचा डबा सपाट भरणे व शिगोशीग भरणे यांत एवढा फरक सहज पडतो. ओल धरलेले खत त्याच मापात अधिक जड भरते. म्हणून भार मापाने न धरता वजनाने धरावा.

जमिनीलगतचा फसवा आधार

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. विमान जमिनीपासून पंखांच्या लांबीहून कमी उंचीवर असते तेव्हा जमिनीच्या सान्निध्यामुळे हवेचा अवरोध कमी होतो. त्यामुळे पुरेसा वेग आलेला नसतानाही जड विमान जमीन सोडते. पाहणाऱ्यास वाटते, विमान उडाले. प्रत्यक्षात ते त्या आधारावर तरंगत असते. थोडे वर जाताच तो आधार सुटतो व विमान खाली बसू लागते. समोर झाडे दिसतात म्हणून नाक आणखी वर करण्याचा मोह होतो. नाक वर केले की वेग आणखी घटतो. शेवटी पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो व विमान एका बाजूस कलंडून कोसळते. म्हणून चाके उचलली गेल्यावर विमान जमिनीलगत सरळ ठेवून वेग वाढविणे व नंतरच चढणे ही रीत आहे. त्यासाठी पट्टीच्या टोकापुढेही बरीच मोकळी जागा असावी लागते.

भार सोडून देण्याची कळ

शेतीकामाच्या विमानाला एक सोय असते, जी इतर विमानांना नसते. वैमानिकाने एक कळ ओढली की टाकीचे दार उघडून सर्व माल काही क्षणांत खाली पडतो. विमान एकदम हलके होते व बहुधा वाचते. न्यूझीलंडमध्ये नेहमीच्या मर्यादेहून अधिक वजन घेऊन शेतीकामाचे उड्डाण करावयाचे असेल तर कळ ओढल्यापासून ५ सेकंदांत टाकीतील कमाल भाराच्या निदान ८० टक्के माल बाहेर पडेल अशी व्यवस्था विमानात असावी लागते, असा नियम आहे. पाच सेकंद हा कालावधी किती थोडा आहे, हे निराळे सांगावयास नको. तरीही त्याहून उशीर झाल्यास माल सोडण्याचा उपयोग होत नाही.

प्रत्यक्षात दोन कारणांनी ही सोय निरुपयोगी ठरते. पहिले कारण खताची अवस्था. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले सुपर फॉस्फेटचे पोते कसे ढेकळते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. असे ओलसर खत टाकीत कमानीसारखे अडकून बसते. दार उघडले तरी ते खाली पडत नाही. म्हणजे साठवणीच्या खोलीचे गळके छप्पर हे पुढे एखाद्या माणसाच्या मृत्यूचे कारण होऊ शकते. दुसरे कारण मनाचे. माल वाया जाईल, शेतकरी नाराज होईल, हसे होईल, आणखी थोडे धावले तर उचलेल, अशा विचारात मोलाचे दोन-तीन सेकंद निघून जातात. यासाठी पट्टीच्या मालकाने काम सुरू होण्यापूर्वीच वैमानिकास स्पष्ट सांगावे की, संकटात सोडलेल्या मालाबद्दल आपली काहीही तक्रार राहणार नाही. एका टाकीचा माल पुन्हा विकत घेता येतो, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

निर्णय घेण्यास खुणेची मदत होते. पट्टीच्या मध्यावर एक ठळक निशाण लावावे. पट्टीच्या मध्यापर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर उड्डाण सोडून द्यावे, असा लहान विमानांच्या वैमानिकांत प्रचलित असलेला नियम आहे. त्यापुढे दुसरे निशाण असावे. तेथे चाके उचलली गेली नसतील तर भार सोडावा, हे वैमानिकाने आधीच ठरवून ठेवावे. धावत्या विमानात बसून विचार करण्यास सवड नसते. विचार जमिनीवर करावयाचा असतो.

भार कोठे आहे, हेही महत्त्वाचे

भार किती आहे याइतकेच तो विमानात कोठे ठेवला आहे, यालाही महत्त्व आहे. ४ सप्टेंबर २०१० रोजी न्यूझीलंडमधील फॉक्स ग्लेशियर येथे, मुळात शेतीकामासाठी बनविलेले व नंतर हवाई छत्रीने उड्या मारणाऱ्यांसाठी बदल केलेले फ्लेचर जातीचे विमान उडताच कोसळले व त्यातील सर्व ९ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचा भारमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे गेला होता, असे चौकशीत आढळले. केवळ त्याच कारणाने अपघात झाला असे म्हणता येत नाही, असे पुढील फेरतपासात सांगण्यात आले. तथापि एका कामासाठी बनविलेले विमान दुसऱ्या कामासाठी वापरताना वजनाचा व त्याच्या जागेचा हिशेब नव्याने मांडला पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो.

विमानांच्या रचनेतही अनुभवाने सुधारणा झाल्या आहेत. अमेरिकेत फ्रेड वाईक यांनी १९५० साली खास शेतीकामासाठी एक विमान तयार केले व त्या अनुभवातून पुढे पायपर पॉनी हे विमान निघाले. त्यांत मालाची टाकी वैमानिकाच्या पुढे व वैमानिकाची बैठक उंचावर ठेवण्यात आली. अपघात झालाच तर मागून येणाऱ्या भाराखाली वैमानिक चिरडला जाऊ नये, हा त्यातील हेतू होता. परंतु अशी रचना अपघातानंतर जीव वाचविते. अपघात टाळण्याचे काम पट्टीवरच करावे लागते.

जमिनीवरील लोकांनी घ्यावयाची खबरदारी

१. पट्टीची लांबी पावलांनी न मोजता टेपाने मोजावी. चढउतार, मऊ जागा, बिळे व दगड यांची माहिती वैमानिकास द्यावी.

२. गवत कापून घ्यावे. पाऊस पडल्यास पट्टी सुकेपर्यंत काम थांबवावे.

३. टोकाकडील झाडे, खांब व विशेषतः तारा वैमानिकास प्रत्यक्ष दाखवाव्यात. आदल्या दिवशी नवीन तार ओढली असेल तर ते आवर्जून सांगावे.

४. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी वैमानिकास दिसेल अशा जागी लावावी. उताराची एकेरी पट्टी असेल तर उड्डाण उताराच्या दिशेनेच होते. अशा ठिकाणी मागून वारा सुटताच काम बंद करावे.

५. खत कोरड्या, बंदिस्त जागी ठेवावे. ढेकळे झालेले खत विमानात भरू नये.

६. भार वैमानिक सांगेल तेवढाच भरावा. ऊन वाढल्यावर व इंधन भरल्यावर भार किती कमी करावयाचा, हे त्यास प्रत्येक वेळी विचारावे.

७. पट्टीच्या टोकापुढे व दोन्ही बाजूंस माणसे, मुले व गुरे थांबू देऊ नयेत. संकटात भार तेथेच पडतो व विमानही तेथेच येते.

८. ‘आज काम संपलेच पाहिजे’ असा आग्रह धरू नये. दुपारी काम थांबवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुरे करणे केव्हाही स्वस्त पडते.

९. अपघात झालाच तर विडी-काडी पेटवू नये. जखमीच्या अंगावर औषध सांडले असेल तर ते कपडे काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी.

ड्रोनलाही हाच नियम

आज आपल्या शेतांवर मोठ्या विमानापेक्षा ड्रोनच अधिक दिसतो. २०२० सालच्या टोळधाडीत राजस्थानात फवारणीसाठी ड्रोन व हेलिकॉप्टर यांचा उपयोग करण्यात आला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. ड्रोनला धावपट्टी लागत नाही व त्यात माणूस बसत नाही, हे खरे. परंतु त्याच्या पंख्यांनाही आधार हवेचाच असतो आणि तापलेली, विरळ हवा त्यांनाही कमी आधार देते. टाकी काठोकाठ भरलेली, बॅटरी अर्धी उतरलेली व भर दुपारचे ऊन, अशा वेळी सकाळी सहज उचललेला भार ड्रोनला जड जातो. म्हणून सपाट व मोकळी जागा निवडावी, तारांपासून दूर राहावे, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, वारा वाढताच काम थांबवावे. प्रथम दोन-तीन मीटर उंचीवर ड्रोन स्थिर ठेवून पाहावा व मगच पिकाकडे न्यावा. पाहणाऱ्यांची गर्दी, विशेषतः लहान मुले, दूर ठेवावी.

समारोप

उड्डाणातील अपघात हे दैवाचे घाले नव्हेत. वजन, ऊन, उंची, जमीन व वारा या पाच गोष्टींचा तो हिशेब आहे, व तो हिशेब विमान उभे असतानाच करता येतो. जो भार सकाळी चालला तो दुपारी चालेलच असे नाही, एवढे एक वाक्य पट्टीवरील प्रत्येकाने ध्यानात ठेवले, तरी पुष्कळसे संकट टळेल. वैमानिक हा आपल्या शेतावर काम करण्यास आलेला माणूस आहे. बैल थकला असता जाणता शेतकरी त्यास आणखी ओझे ओढावयास लावीत नाही. विमानाच्या बाबतीतही तोच विवेक बाळगावा, ही सर्व शेतकरी बंधूभगिनींस व कार्यकर्त्यांस विनंती आहे.